डाळ शिजणारं पाणी

ज्योतीरामला कुणी प्लंबर म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. प्लंबर म्हणजे नळाला दोरा गुंडाळणारा, आपण फिटर. कळंबकडच्या खेड्यातून आयटीआय करून तो चाकणला आला, एकामागून एक कंपन्यांच्या गेटवर कंत्राटी म्हणून उभा राहिला, आणि कायम करायची वेळ आली की प्रत्येक कंपनीनं त्याला ‘ब्रेक’ दिला. पण पाइपात पाणी कुठं अडलंय ते आपल्याला नुसतं हात लावून कळतं, असं तो सांगायचा, आणि समोरच्यानं मान डोलावली नाही तर पुन्हा सांगायचा.

एमआयडीसीला लागून जांभूळ मळा आहे. नावातलं जांभूळ कधीच तोडलं आणि मळ्यात आता पत्रे पिकतात. मळ्याचे मालक सोपानराव. सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांची निम्मी जमीन कंपन्यांत गेली. उरलेल्या जमिनीवर पुढं दुमजली बंगला, मागं भाड्याच्या खोल्यांची पत्र्याची रांग, आणि कडेला एक मोठी शेड. शेड कुलदीप नावाच्या भंगारवाल्या शेठनं घेतलेली. कंपन्यांतून रिकामे झालेले निळे ड्रम तिथं येतात, धुतले जातात आणि पाणी साठवायला लोकांना विकले जातात. ड्रममध्ये आधी काय होतं हे विकणाराही सांगत नाही आणि घेणाराही विचारत नाही.

ज्योतीराम, त्याची बायको वर्षाली आणि चार वर्षांची स्वरूपा, असे तिघं त्या रांगेतल्या एका खोलीत राहायचे. कंपनी सुटल्यावर तात्यांनी त्याला ठेवून घेतलं. मोटर बघायची, टाक्या बघायच्या, खोल्यांच्या किल्ल्या सांभाळायच्या आणि बदल्यात खोली. तात्या म्हणायचे, आपला घरचाच माणूस. घरचा माणूस बंगल्यात मात्र मागच्या दारानं यायचा.

तात्यांची सून प्राजक्ता माण गावच्या आयटी पार्कात कामाला. तिच्या कंपनीत कुणीतरी निरोगी आणि पर्यावरणपूरक घरावर भाषण दिलं, आणि त्या संध्याकाळी ती घरी आली ती घर आजारी आहे असं ठरवूनच. काळे तवे गेले, फिनेल गेलं, वासाचे फवारे गेले, प्लास्टिकचे डबे गेले. गेले म्हणजे कुठं, तर मागच्या खोल्यांत. बायकांनी ते आनंदानं उचलले. वर्षालीला दोन तवे मिळाले, एकाचा काळा थर अर्धा उडालेला. ती राणीसारखी मिरवत आली.

मग प्राजक्तानं पाण्याला हात घातला. स्वयंपाकघरातलं पाण्याचं मशीन एक तांब्या शुद्ध करायला दोन तांबे गटारात सोडतं, हे तिला पटेना. आवारात जुनी विहीर होती, कचऱ्यानं निम्मी बुजलेली. तिनं तात्यांना विचारलं, तात्यांनी ज्योतीरामला हाक मारली.

त्या उन्हाळ्यात ज्योतीराम जे राबला ते कुठल्या कंपनीत राबला नव्हता. विहिरीचा गाळ काढला. बंगल्याच्या मोऱ्यांचं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून बागेला फिरवलं. शेडचा पत्रा एवढा मोठा, त्यावरचं पावसाचं पाणी वाया का जावं म्हणून त्यानं विहिरीशेजारी मोठा खड्डा घेतला आणि तो थराथरानं भरला. तळाला दगड, वर खडी, मग कोळसा, मग वाळू. वाळू त्यानं स्वतः चाळली, वर्षालीकडून धुवून घेतली, आणि तिनं हात आखडला तेव्हा तिला सगळ्यांदेखत झापलं. पावसाचं पाणी खड्ड्यात, खड्ड्यातून झिरपून विहिरीत. त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी ‘हे कसं केलं’ म्हणून विचारत होतं.

पावसाळ्यात खड्डा काम करायला लागला तसं कुलदीपच्या माणसांचं त्याकडं लक्ष गेलं. ड्रम धुतलेलं पाणी ते आजवर रस्त्याकडच्या नाल्यात सोडायचे. त्यावरून गावात बोंब झाली होती, पोरांनी मोबाइलवर फेसाचे व्हिडिओ काढले होते. आता शेडच्या मागंच एवढं छान भोक आयतं मिळालं. त्यांनी कुदळीनं वीतभर चारी मारली आणि धुण्याचं पाणी खड्ड्यात वळवलं.

ज्योतीरामनं ते बघितलं. बघितलंच नाही असं म्हणायला जागा नाही. तो शेडवर गेला, आवाज चढवला. तिथला मुकादम तंबाखू चोळत त्याला म्हणाला, राव, एवढा फिल्टर-फिल्टर करतोस, मग भितो कशाला, का नुसता दिखाव्याचा आहे तुझा फिल्टर? ज्योतीरामच्या वर्मी लागलं ते. चार थर त्यानं स्वतःच्या हातानं घातले होते. माझ्या खड्ड्यातून सैतान जरी गेला तरी खाली साधू होऊन निघेल, असं काहीतरी तो बोलला आणि परत आला. तात्यांना सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे त्यानं राहू दिलं. कुलदीप वेळेवर भाडं देणारा माणूस, त्याच्याविरुद्ध बोलून आपली खोली कोण घालवील.

विहीर भरली. बंगल्याला लगेच जोडायची म्हटलं तर तात्यांनी हात वर करून थांबवलं.

“आधी खोल्यांना सोड,” ते म्हणाले. “म्हैना-दोन म्हैने बघू काय व्हतंय.”

नवी पेंड आणली की आधी भाकड म्हशीला घालून बघतात, तसं ते म्हणाले. आवाजात पापही नव्हतं आणि लाजही नव्हती. ज्योतीराम त्याच खोल्यांत राहत होता. त्याला राग यायला हवा होता. त्याला वाटलं, बघाच आता, माझं पाणी सगळ्यांच्या आधी माझ्या घरात येतंय.

पाण्याची परीक्षा केली चिमाबाईनं. चिमाबाई परभणीकडची, एकटी, रांगेतल्या शेवटच्या खोलीत. कंपनीच्या पोरांना डबे करून द्यायची. जेवणात मीठ कमी-जास्त झालं तर पोरं बोलायची नाहीत, कारण ती डब्यासोबत शिवीही फुकट द्यायची. तिचं मत म्हणजे रांगेचं मत. मराठवाड्याच्या माणसाला पाणी कसं आहे हे कुणी कागदावर सांगावं लागत नाही. तो डाळ टाकून बघतो. ज्या पाण्यात तूरडाळ शिजते ते पाणी चांगलं, ज्यात शिजत नाही ते खारं, मचूळ, माणसाच्या कामाचं नाही. आजवर बोअरचं जड पाणी होतं. डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या घेऊन खड्यासारखी राहायची.

विहिरीच्या पाण्यात चिमाबाईनं डाळ टाकली आणि एका उकळीत ती लोण्यासारखी विरघळली. तिनं पातेलं उचलून दारात आणलं, सगळ्या बायकांना पळी वर करून दाखवलं.

“अगं बघा गं, घोटायची सुदिक गरज न्हाई,” ती म्हणाली. “माज्या माहेरच्या आडाला असलं पाणी नव्हतं. ज्योतीराम, कुण्या जन्माचं पुण्य रं तुजं.”

तिनं त्याच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. ज्योतीरामच्या मनात चारीचं जे बारीक कुसळ रुतलं होतं ते तिथंच निघालं. डाळीनं निकाल दिला होता. साबणालाही हात लावला की बुळबुळीत, मऊ. बायका म्हणाल्या, अंगाला तेल लावल्यासारखं वाटतं. महिना-दोन महिन्यांत रांगेत कुणी मेलं नाही, म्हणून तात्यांनी बंगल्यातलं मशीन काढायला लावलं आणि विहीर बंगल्याला जोडली.

मग कौतुक सुरू झालं. प्राजक्तानं फोनवर चित्रफिती टाकल्या. मोशीच्या, थेरगावच्या सोसायट्यांमधली माणसं सुट्टीच्या दिवशी निसर्गस्नेही घर बघायला यायची, कर्दळीपुढं फोटो काढायची. तात्या त्यांना सांगायचे, आमी शेतकरी मानसं, निसर्ग आमच्या रक्तातच हाय. पाहुण्यांच्या मागं वीस पावलांवर ड्रम ठणाठण वाजत असायचे. तात्या म्हणायचे, ते भाडेकरू हायत, दिवसा जरा आवाज असतो. खड्ड्याचे थर समजावून सांगायला ज्योतीरामला बोलवायचे. तो धुतलेला शर्ट घालून जायचा.

पहिल्यांदा गेली स्वरूपाची कातडी. गुडघ्यांमागं, कोपरांत लाल चट्टे, खाजवून रक्त. वर्षालीचे केस मोरीत गुंता-गुंता पडायला लागले. जर्मनच्या पातेल्यांना आतून काळा रंग चढला, घासून जाईना. पोटं बिघडली. बायकांनी साबण बदलला, हवेला दोष दिला, कंपन्यांच्या धुराला शिव्या घातल्या. पाण्याला कुणी काही म्हटलं नाही. ज्यात डाळ शिजते त्याला कसं म्हणणार.

चिमाबाईचे हात सगळ्यांत वाईट झाले. दिवसभर पाण्यात असायचे ना. बोटांची टोकं सोलली, मग भेगा, भेगांतून रक्त. ती खोबरेल चोपडायची, चिंधी बांधायची आणि पुन्हा पिठाला बसायची.

वर्षालीनं एकदा जेवायला वाढताना नुसतं म्हटलं, गावाकडं जाऊन पंधरा दिवस राहिले तर लेकराचं अंग बरं झालं, हितं आलो की परत, पाण्याचंच काही असंल का. ज्योतीरामनं ताट भिंतीवर फेकलं. तिच्या माहेरी टँकरच्या मागं घागरी घेऊन पळतात, त्या गावच्या बाईनं पाण्यातलं आपल्याला शिकवू नये, असं तो म्हणाला. पोरगी रडली तर तिलाही एक ठेवून दिली, खाजवलेल्या जागेवरच.

खरं काय ते बंगल्यातच कळलं, कारण बंगल्यातही केस गळायला लागले होते. प्राजक्तानं बाटली भरून पाणी भोसरीच्या एका तपासणीवाल्याकडं दिलं. सकाळी ओसरीत तात्या चहा पीत होते, ज्योतीराम बागेचा कॉक दुरुस्त करत होता. तिला फोन आला. ती ऐकत राहिली, मग फोन ठेवून सासऱ्यांकडं वळली.

“तात्या, त्या पाण्यात कॉस्टिक सोडा आहे. ड्रम धुतात ना, त्यातला. ड्रममधलं आणखी काय काय आहे ते वेगळंच.” मग ती ज्योतीरामकडं बघून म्हणाली, “डाळ त्यामुळं शिजत होती हो. सोडा टाकल्यावर शिजते तशी.”

ज्योतीरामला वाटलं, ती रागावेल, खड्डा कुणी केला म्हणून विचारेल. तिनं विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली की आजपासून आपल्या घरात हे पाणी यायला नको. तिची कॅब गेटवर येऊन हॉर्न वाजवत होती. बूट घालता घालता म्हणाली, खोल्यांचं पण काहीतरी बघा तात्या. आणि गेली. वाईट बाई नव्हती ती. हेच सांगतोय, वाईट नव्हती.

तात्यांनी चहा संपवला. चारी बुजवून ते पाणी परत नाल्यात सोडलं तर गाव पुन्हा बोंबलणार, कुलदीप उठला तर शेड ओस. असा सगळा विचार त्यांनी मोठ्यानं केला, जणू समोर कुणी नव्हतंच. ठरलं ते असं: बोअरचं पाणी आणि मशीन पुन्हा बंगल्याला. खड्डा आहे तसा. विहीर खोल्यांना.

“तात्या, पण खोल्यात लेकरं हायत,” ज्योतीराम म्हणाला.

“बोरला आता तेवढं पानी न्हाई. आन आदी काय अमृत पीत व्हती का ती?” तात्यांनी बशी खाली ठेवली. “हे बघ, खड्डा तू केला. चारी तू बघितली, मुकादमानं सांगितलंय मला. उद्या बोभाटा झाला तर लोक मला न्हाई धरायचे, तुला धरतील.”

तात्यांनी त्याला जरा वेळ तसाच शिजू दिला आणि मग आवाज खाली आणला.

“तुजी पोरगी ल्हान हाय. बंगल्याची एक बारीक लाइन तुज्या मोरीत घे. आतनं. भाईर कुनाला दिसायला नको.”

ज्योतीरामनं ती लाइन दुपारी घातली, माणसं पहिल्या शिफ्टला आणि बायका कामावर गेलेल्या असताना. भिंतीत खाच पाडली, अर्धा इंची पाइप पुरला, वरून सिमेंट मारलं, सिमेंटवर चुना. मोरीत नळाच्या तोंडाशी एक वीट सैल ठेवली, तिच्याआड तोटी. एक थेंब गळाला नाही. असलं सफाईचं काम त्यानं बंगल्यातसुद्धा केलं नव्हतं. वर्षाली दारात उभी राहून बघत होती. तिनं विचारलं, बाकीच्यांचं काय. त्यानं वीट बसवली आणि म्हणाला, तोंड उघडलंस तर ही तोटी बंद, मग बस पोरीचं अंग चाटत. ती हंडा घेऊन आली आणि दार लावून भरला.

थोड्याच दिवसांत स्वरूपाच्या चट्ट्यांवर खपली धरली.

रांगेत मात्र पोटांनी उचल खाल्ली. डब्याची पोरं रात्रपाळीवर वाकडी व्हायला लागली, एकाला दवाखान्यात नेऊन बाटल्या लावल्या. त्या पोराचे मित्र तात्यांच्या दारात आले: पाण्याचं बघा, नाहीतर आम्ही कुठंतरी तक्रार देतो. तात्या म्हणाले, रविवारी सगळ्यांसमोर निकाल लावू.

रविवारी सगळी रांग खोल्यांपुढच्या मोकळ्या जागेत जमली. तात्यांना खुर्ची आणली. तात्यांनी सुरुवातच अशी केली की आजारी पडलेली बहुतेक पोरं एकाच हातचं जेवतात. लोकांनी मान वळवून चिमाबाईकडं बघितलं. ती आधी हसली. तात्यांना म्हणाली, माज्या हातचं खाऊन हितली पोरं ओव्हरटाइम मारायलीत, मालक, तुमी काय सांगायलाव. मग कुणी हसेना, तेव्हा तिनं ज्योतीरामला शोधलं. तो खांबाला टेकून उभा होता.

“तू सांग बाबा,” ती म्हणाली. “पाण्यातलं तुला कळतं. माज्या डब्यात खोट हाय का पाण्यात?”

तात्या त्याच्याकडं बघत नव्हते. ते नखं बघत होते. वर्षाली पोरीला कडेवर घेऊन दारात उभी होती. पोरीचे हात-पाय स्वच्छ, गोरेपान. सगळ्या रांगेत अशी कातडी दुसऱ्या एकाही लेकराची नव्हती, आणि हे कुणाच्या लक्षात येईल याची ज्योतीरामला त्या क्षणी सगळ्यांत जास्त भीती वाटली.

“पाणी चांगलंय,” तो म्हणाला. “मावशे, तुज्या हातांला जखमा हायत. रगत येतं त्यातनं. तू त्याच हातानं कणीक मळतीस.”

कुणीतरी म्हणालं, दाखव हात. ती दाखवेना. एका पोरानं मनगट धरून चिंधी ओढली. बोटांना कातडं कसलं ते नव्हतंच, कच्चं लाल मांस. ज्या पोरांनी तिच्या हातचं वर्षभर खाल्लं त्यातल्या एकानं बाजूला जाऊन ओकारी काढली, जरा जास्तच आवाज करून. बायकांनी पदर तोंडाला लावले. तात्यांनी महिना संपेपर्यंतही मुदत दिली नाही. म्हणाले, रोगराईचा प्रश्न हाय, आजच खोली मोकळी कर, माज्याच्यानं लोकांची पोरं मारवणार न्हाईत.

चिमाबाई भांडली नाही. एरवी चमचा हरवला तर रांग डोक्यावर घेणारी बाई, ती हाताकडं बघत बसली, जणू तिलाही ते आताच कळलं होतं. सामान बांधताना ती शेजारणीला सांगत होती की माजंच चुकलं, चार दिवस डबे बंद ठेवायला पायजे व्हते, पोरगं मेलं असतं तर कोणत्या तोंडानं त्याच्या आईला सांगितलं असतं. टेम्पोत भांडी चढवायला कुणी हात लावला नाही. तिचं जे काही आहे ते आपल्याला लागेल, ही प्रत्येकाला भीती. ज्योतीराम पुढं झाला तर तिनं त्यालाही थांबवलं.

“नको रं लेका,” ती म्हणाली. “तुला लेकरू हाय.”

ती काळीकुट्ट पातेली तिनं स्वतःच ओढत नेली. किल्ली ज्योतीरामच्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवली, त्याला लागू नये म्हणून.

पोरांनी दुसरीकडून डबे लावले. पोटं बिघडायची ती बिघडतच राहिली, पण आता लोक म्हणायचे, त्या म्हातारीनं लावून दिलेलं आहे, जायला वेळ लागेल. बंगल्यावर पाहुणे येत राहिले. तात्यांनी ज्योतीरामला दिवाळीला नवा शर्ट घेतला.

शेवटच्या खोलीला महिन्याभरात भाडेकरू आला. लातूरकडचं जोडपं, बाईच्या कडेवर दुधाचे दात आलेलं पोर. दोघं धुळीनं माखलेले, सकाळपासून खोल्या बघत हिंडत होते. घरी आलेल्याला आधी पाणी द्यायचं, ही रीत कुणी शिकवावी लागत नाही. वर्षाली आत गेली, मोरीचं दार ओढून घेतलं आणि तांब्या भरून आणला. बाईनं आधी पोराच्या तोंडाला लावला. पोर गटागटा प्यायलं. मग ती प्यायली, मग नवरा. बाईनं पदरानं तोंड पुसलं.

“लई गोड पाणी हाय की ओ तुमचं,” ती वर्षालीला म्हणाली. “आमाला वाटलं, कंपन्यांच्या भागात कसलं मिळतंय. हेच पाणी येतंय का सगळ्यांला?”

वर्षालीनं नवऱ्याकडं बघितलं आणि रिकामा तांब्या घेऊन आत वळली.

“सगळ्यांला एकच विहीर,” ज्योतीराम म्हणाला.

नवरा-बायकोनं एकमेकांकडं बघितलं. खोली कोंदट आहे, पत्रा तापत असणार, पण पाणी चांगलं आहे, असं ती हळू आवाजात नवऱ्याला म्हणाली. ज्योतीरामनं किल्ल्यांच्या जुडग्यातून शेवटच्या खोलीची किल्ली सोडवली, कुलूप काढलं आणि नळ कुठं आहे ते दाखवायला त्यांच्या पुढं आत गेला.